टेंडर ऑनलाइन झालं, मग पाणी मुरतं कुठं?

सोलापुरात नवा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला की कट्ट्यावरची चर्चा ठरलेली असते. 'टेंडर मॅनेज होतं' या वाक्याने ती सुरू होते आणि 'सगळेच खातात' या वाक्यावर संपते. मधे नेमकं काय होतं, ते कुणी सांगत नाही. त्यातून एक रास्त प्रश्न उरतो. निविदा संगणकावर निघते, कुणीही भरू शकतो, सगळ्यांत कमी दराला काम जातं, मग पैसे खायला जागा राहते कुठे?

जागा दोन ठिकाणी राहते. एक निविदा निघण्याआधी, कागद तयार होतात तिथे. दुसरी काम मिळाल्यानंतर, टेप लावून मोजणी होते तिथे. ऑनलाइन झाला तो या दोन्हींमधला टप्पा. बातम्या मात्र बहुतेक त्या मधल्या टप्प्याच्याच येतात.

इंद्रभुवनातून बिलापर्यंत

इंद्रभुवनातलं म्हणजे सोलापूर महापालिकेचं काम असो, जिल्हा परिषदेचं असो की सार्वजनिक बांधकाम विभागाचं, वाट साधारण एकच असते. आधी काम करायचं की नाही आणि त्यासाठी किती पैसे ठेवायचे, हे ठरतं. ही प्रशासकीय मान्यता. मग अभियंता अंदाजपत्रक करतो, म्हणजे खोदाई किती, खडी किती, काँक्रीट किती, याला सरकारी दरसूचीतल्या दराने गुणतो. ते वरिष्ठ अभियंत्याने तपासलं की तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर. काम सुरू झालं की झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत चढतात. हिलाच सगळे 'एम.बी.' म्हणतात. एम.बी.वरून बिल निघतं. शेवटी दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर मक्तेदाराने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत.

लग्नाचं जेवण द्यायचं असलं तर आधी पाहुणे किती आणि ताटात काय वाढायचं ते ठरतं, मग दोन-चार केटररना दर विचारले जातात आणि शेवटी ताटं मोजून पैसे चुकते होतात. दर विचारण्याचं काम कितीही चोख केलं, तरी पाचशे पाहुण्यांच्या जागी आठशे लिहिले असतील किंवा ताटं मोजायला केटररचाच माणूस बसला असेल, तर स्वस्त दर मिळूनही यजमान बुडणारच.

ई-निविदेने काहीच फरक पडला नाही का?

पडला, आणि चांगला पडला. पूर्वी निविदेचा कोरा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावा लागे. फॉर्म घ्यायला कोण आलं होतं हे बाकीच्यांना कळे. शेवटच्या दिवशी पेटीपाशी माणसं उभी करून नवख्याला परत पाठवणं सोपं होतं. आता राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर घरबसल्या निविदा भरता येते. मक्तेदार डिजिटल स्वाक्षरीने सही करतो, दर कुलूपबंद होऊन जातो आणि ठरलेल्या वेळी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल चाव्या लागल्याशिवाय उघडत नाही. वेळ सर्व्हरची चालते, त्यामुळे मुदत संपल्यावर मागच्या दाराने पाकीट आत सरकवता येत नाही.

पाकिटं दोन असतात. पहिलं तांत्रिक. त्यात अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री, बयाणा रक्कम म्हणजे निविदेसोबत ठेवायची अनामत भरल्याचा पुरावा. दुसरं आर्थिक, म्हणजे दर. पहिल्यात पास झालेल्यांचंच दुसरं पाकीट उघडतं. संगणकाने दुसरं पाकीट सुरक्षित केलं. पहिल्यात कुणाला पास करायचं आणि कुणाला नापास, ते अजून माणसंच ठरवतात. शिवाय निविदेत अटी काय लिहाव्यात आणि मक्तेदारांनी आपसात फोनवर काय ठरवावं, यावर कुठल्याच सॉफ्टवेअरचा ताबा नाही.

अट कुणाच्या मापाने शिवली?

निविदेत अटी हव्यातच. ज्याने आयुष्यात फक्त गटारं बांधली, त्याच्या हाती उड्डाणपूल देता येत नाही. प्रश्न येतो तो अट कामाच्या मापाने न शिवता माणसाच्या मापाने शिवली की. ती ओळखायला एक फूटपट्टी आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गेल्या ७ वर्षांत तशाच प्रकारची ३ कामं प्रत्येकी अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची, किंवा २ कामं ५० टक्क्यांची, किंवा १ काम ८० टक्क्यांचं केलेलं असावं, आणि ३ वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या ३० टक्के असावी. हा आयोग केंद्र सरकारच्या खात्यांपुरता आहे, महापालिकेवर त्याचं बंधन नाही. पण तुलनेला हे माप उत्तम. १ कोटीच्या रस्त्यासाठी ५ कोटींच्या एका कामाचा अनुभव मागितला असेल, तर का मागितला हे विचारायलाच हवं.

यापेक्षा बारीक अटी जास्त कामाच्या असतात, कारण त्या वाचताना निरुपद्रवी वाटतात. हॉटमिक्स प्लांट, म्हणजे डांबर आणि खडी गरम करून मिसळण्याचा कारखाना, कामापासून अमुक किलोमीटरच्या आतच हवा, ही त्यातली एक. तिला तांत्रिक कारण आहे. डांबरी मिश्रण लांबून आणलं तर वाटेत थंड होतं आणि नीट दबत नाही. पण अंतर इतकं आखडलं की परिघात एकच प्लांट उरतो, तर स्पर्धेत कुणी उतरायचं हे त्या प्लांटचा मालक ठरवणार. 'प्लांट वापरू देतो' असं त्याचंच पत्र जोडावं लागतं ना! दुसरी अट स्थळ पाहणी दाखल्याची. मक्तेदाराने जागा पाहिल्याचा अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला जोडायचा. वरकरणी शहाणपणाची गोष्ट, पण ऑनलाइन पद्धतीचा सगळा फायदा तिने धुऊन निघतो. कोण निविदा भरणार हे अधिकाऱ्याला आधीच कळतं आणि नको असलेल्या माणसाला 'साहेब साइटवर गेलेत' हे उत्तर मुदत संपेपर्यंत देता येतं.

तिसरा प्रकार तुकड्यांचा. ठरावीक रकमेच्या वरच्या कामांना ई-निविदा सक्तीची असते. मग सलग रस्त्याचं एकच काम 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत' अशा चार कामांत वाटलं जातं आणि प्रत्येक तुकडा मर्यादेच्या जरासा खाली बसतो. एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, मर्यादेला टेकलेल्या तीन-चार कामांना मंजुरी मिळाली असेल, तर तो योगायोग नसतो.

आणि तातडी. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली आयुक्तांना आणीबाणीत निविदेची नेहमीची वाट सोडून काम करून घेता येतं. पूर आला, मुख्य जलवाहिनी फुटली, तर हा अधिकार लागतोच. पण आषाढीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा दर जानेवारीतच येते. अशा ठरलेल्या प्रसंगांच्या कामाला ऐनवेळी 'अल्प मुदतीची निविदा' किंवा 'तातडीची बाब' लागली, तर ती तातडी निसर्गाने आणलेली नाही, टेबलावर फाइल पडू देऊन तयार केलेली आहे.

अंदाजपत्रक फुगवण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बाहेरून पकडणं अवघड. दरसूचीतला दर सहसा कुणी बदलत नाही, बदलतं ते परिमाण, म्हणजे किती माल, किती काम लागेल तो आकडा. सुरुवातीला कमी धरून काम मंजूर करून घ्यायचं आणि पुढे सुधारित मान्यतेने वाढवत न्यायचं, हा त्याचा उलटा अवतार. राज्यातल्या सिंचन प्रकल्पांवरून २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, पुढे जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं गेलं. त्या वादाचा मोठा भाग प्रकल्पांच्या अशाच चढत गेलेल्या किमतींचा होता.

तीन निविदा आल्या, म्हणजे स्पर्धा झाली ना?

पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर सहसा मुदतवाढ द्यावी लागते किंवा फेरनिविदा काढावी लागते. त्यामुळे ज्याला काम घ्यायचं आहे तोच उरलेल्या दोन निविदांची 'सोय' करतो. त्या मित्रांच्या नावाने भरलेल्या, मुद्दाम चढ्या दराच्या किंवा मुद्दाम एखादं कागदपत्र गाळलेल्या असतात. मक्तेदारांच्या अशा जुटीला 'रिंग' म्हणतात. यावेळी तू, पुढच्या वेळी मी, असा वारही लागतो. हरलेला कधी कधी त्याच कामावर उपमक्तेदार म्हणून दिसतो.

यात अधिकाऱ्याला एक रुपयाही न देता जनतेचं नुकसान होऊ शकतं. म्हणून याचा कायदाही वेगळा आहे. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३(३)(ड) खाली निविदेतलं संगनमत बेकायदा आहे. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते, आणि तोही संगनमत चाललेल्या दरवर्षासाठी. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. तिथे सामील कंपन्यांनी शिक्षेत सवलत मिळावी म्हणून आयोगापुढे कबुली दिली होती. जो आधी बोलेल त्याला जास्त सूट, अशी कायद्यात सोय आहे. जूट फोडायला तिच्याइतकं धारदार हत्यार नाही.

रिंगचा माग बहुधा किरकोळ गोष्टींत लागतो. तीन निविदा एकाच इंटरनेट जोडणीवरून भरल्या गेल्या. तिघांची बयाणा रक्कम एकाच बँक शाखेतून, लागोपाठ निघाली. तिघांच्या हमीपत्रात तीच शुद्धलेखनाची चूक. दरांत नेमका अर्ध्या टक्क्याचा फरक. पोर्टल आणि बँक यांच्याकडे यातली बरीच माहिती असते. ती कुणी एकत्र मांडून बघतच नाही, ही खरी अडचण.

मात्र उलटंही लक्षात ठेवावं. एकच निविदा आली म्हणजे भ्रष्टाचारच, असं नाही. जुनी बिलं वर्ष-वर्ष थकलेली असतील तर चांगला मक्तेदार त्या कार्यालयाच्या वाटेला जात नाही. बिलं वेळेवर देणं हासुद्धा भ्रष्टाचार रोखायचा उपाय आहे आणि बहुतेक सुधारणांच्या यादीत तो नसतो. थकलेलं बिल पुढे सरकवायलाच टक्केवारी, म्हणजे बिलाच्या प्रमाणात लाच, मागितली जाते.

वीस टक्के बिलो गेलं, म्हणजे वीस टक्के वाचले?

अंदाजित किमतीपेक्षा कमी दराच्या निविदेला 'बिलो' म्हणतात. '२० टक्के बिलो, महापालिकेची बचत' अशी बातमी वाचली की आधी हिशोब करावा. दरसूचीच्या दरात मक्तेदाराचा नफा आणि वरखर्च आधीच धरलेला असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत तो मिळून १५ टक्के असतो. म्हणजे जीएसटी सोडून १ कोटीच्या अंदाजपत्रकात माल, मजुरी, यंत्रं यांचा खरा खर्च सुमारे ८७ लाख. २० टक्के बिलो म्हणजे ८० लाखांत काम. नफा शून्य धरला तरी ७ लाख कमी पडतात. त्यात टक्केवारी द्यायची असेल तर भोक आणखी मोठं.

ते भोक बहुधा तीन प्रकारे भरतं. अंदाजपत्रक मुळातच फुगवलेलं होतं, ही पहिली शक्यता. माल कमी घालून, ही दुसरी. 'जादा बाबी' म्हणजे निविदेत नसलेली कामं पुढे काढून, ही तिसरी. चौथी शक्यता प्रामाणिकपणाची, म्हणजे मक्तेदाराकडे स्वतःची खाण आणि क्रशर आहे, त्याला खडी खरंच स्वस्त पडते. तीही असते, पण तेव्हा तो दराचं पृथक्करण लेखी देऊ शकतो. म्हणूनच फार खाली गेलेल्या निविदेला जादा सुरक्षा अनामत भरायला लावतात. ती खरोखर भरली का आणि बँक हमीची मुदत काम संपेपर्यंत टिकते का, ही तपासायची गोष्ट.

इथे एक चलाखी समजून घ्यावी. राज्यात निविदेचे दोन मुख्य नमुने चालतात. बी-१ मध्ये मक्तेदार पूर्ण अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढा एकच आकडा भरतो, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर. बी-२ मध्ये ज्याला आतली खबर आहे तो पुढे वाढणाऱ्या बाबीचा दर चढा ठेवतो आणि पुढे गाळल्या जाणाऱ्या बाबीचा दर मातीमोल भरतो. बेरीज सगळ्यांत कमी, म्हणून काम त्याला. प्रत्यक्षात स्वस्त बाब रद्द होते, महाग बाब दुप्पट होते, आणि 'सगळ्यांत कमी दराची' निविदा सगळ्यांत महाग पडते. हे पकडायचं तर मंजूर निविदेतली परिमाणं आणि अंतिम बिलातली परिमाणं शेजारी-शेजारी ठेवायची. दुसरा मार्ग नाही.

खरी चावी एम.बी.मध्ये

गल्लीतला काँक्रीट रस्ता घ्या. २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड. काँक्रीट लागतं १२० घनमीटर. साइटवर १२ सेंटीमीटरच टाकलं आणि एम.बी.त १५ लिहिलं तर टाकलं ९६, बिल १२० चं. २४ घनमीटर हवेतलं. घनमीटरला ७ हजार रुपये धरले तर १ लाख ६८ हजार एका गल्लीत गेले. लांबी-रुंदी कुणीही मोजू शकतं, म्हणून तिथे सहसा कुणी हात लावत नाही. चोरी जाडीत होते, कारण ती काँक्रीटखाली झाकली जाते.

ही जाडी पकडायला अभियंता असावं लागत नाही. काँक्रीट ट्रान्झिट मिक्सरमधून येतं, एका गाडीत साधारण ६ घनमीटर. १२० घनमीटरला २० गाड्या लागतात, ९६ ला १६. दारात बसून गाड्या मोजा, चलनावरचे आकडे मोबाइलमध्ये टिपून घ्या. काँक्रीट ओतण्याआधी कडेच्या लोखंडी चॅनेलची उंची टेपने बघा आणि मधली जमीन उंचावलेली नाही ना, तेही दोरी ताणून बघा. कडेला १५ आणि मधे ११, हा नेहमीचा प्रकार आहे.

मालाचा दर्जा क्यूबवरून ठरतो. १५ सेंटीमीटरच्या ठोकळ्यात काँक्रीट भरून २८ दिवसांनी ते दाबून फोडतात. एम-३० प्रतीच्या काँक्रीटने चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन भार पेलायला हवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या हिशोबाने १२० घनमीटरला ६ नमुने लागतात, नमुन्याला ३ क्यूब, म्हणजे १८. गडबड अशी होते की क्यूब रस्त्याच्या मालाचे भरलेच जात नाहीत. वेगळं, जास्त सिमेंटचं मिश्रण करून ते प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल सुंदर येतो. याला उतारा कोअरचा. तयार रस्त्याला गोल छिद्र पाडून काँक्रीटची दंडगोल कांडी काढायची. तीन कोअरची सरासरी ताकद प्रतीच्या किमान ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांच्या खाली नको, असा मानकाचा नियम आहे. कोअर खोटं बोलत नाही, कारण ताकदीबरोबर जाडीही हातात येते. फक्त कोअर कुठे घ्यायचा ती जागा मक्तेदाराने दाखवता कामा नये.

डांबरी रस्त्यात खेळ वेगळा. डांबर खरेदीचं चलन बिलाला जोडावं लागतं, मग एकाच चलनाची छायाप्रत दोन-तीन कामांच्या फायलींत लागते. गौण खनिजाच्या, म्हणजे खडी-मुरमाच्या, रॉयल्टी पावत्यांचंही तेच. एका फायलीत पाहिलं तर सगळं चोख दिसतं. चलन क्रमांक, गाडी क्रमांक आणि तारीख तीन-चार कामांच्या फायलींत जुळवून पाहिली की बिंग फुटतं. एकच टँकर एकाच दिवशी अक्कलकोटच्याही कामावर आणि बार्शीच्याही कामावर रिकामा होत नाही.

सगळ्यांत अवघड असतं पुरलेलं काम, म्हणजे पाइपलाइन आणि ड्रेनेज. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीची लांबी ११० किलोमीटर, असल्या कामांत खोदाईचा खर्च केवढा असेल याची कल्पना करा. खोदाईचा दर खाली काय लागलं यावर ठरतो. काळी माती स्वस्त, मुरूम त्याहून महाग, कठीण खडक सगळ्यांत महाग. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, हे थर दर शंभर पावलांवर बदलतात. १ मीटर रुंद, दीड मीटर खोल, १ किलोमीटर चर म्हणजे १,५०० घनमीटर. त्यात खडक अर्धा मीटर लागला तर तो ५०० घनमीटर. वहीत ८० सेंटीमीटर लिहिला की ८०० होतो. पाइप टाकून चर बुजवला की हे ३०० घनमीटर देवालाही मोजता येणार नाहीत. म्हणून अशा कामात चर उघडा असतानाच, दर ठरावीक अंतरावर, टेप लावलेला, ठिकाण आणि वेळ उमटलेला फोटो नोंदीसोबत जोडायची अट निविदेतच घालावी. ही अट फुकटात पडते.

एम.बी.चे नियम जुने आणि कडक आहेत. पानांना क्रमांक छापलेले, खाडाखोड नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारून सही, नोंद जागेवर उभं राहून करायची. कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता त्यातला काही भाग पुन्हा मोजतो. प्रत्यक्षात मार्चअखेर आली की निधी परत जाऊ नये म्हणून आठवड्यात वहीच्या वह्या भरतात. एका अभियंत्याने एकाच तारखेला करमाळ्यात आणि मंगळवेढ्यात मापं घेतल्याची नोंद असेल, तर ती कार्यालयात बसून घेतली आहेत, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही.

इतक्या चौकशा लावल्या तर काम होणारच नाही

हा आक्षेप खोटा नाही. ज्या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं, त्याला 'प्रक्रिया आधी, पाइप नंतर' हे सांगणं अवघड आहे. अधिकारीही म्हणतात, सही केली तर चौकशी, नाही केली तर बदली.

कायद्याने याची थोडी दखल घेतली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये कलम १७-अ आलं. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी पोलिसांनी सुरू करण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. लाच घेताना जागेवर पकडलं तर ही मंजुरी लागत नाही. त्याच वर्षी विशिष्ट अनुतोष अधिनियमात बदल झाला आणि पायाभूत प्रकल्प लांबेल असा मनाई हुकूम द्यायला दिवाणी न्यायालयांवर बंधन आलं. पाणीपुरवठाही त्यात मोडतो. उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे, पण टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगून ठेवलं आहे की न्यायालय निर्णय कसा घेतला हे बघेल, निर्णय शहाणपणाचा होता का हे नाही.

तेव्हा काम सुरू झाल्यावर ते बंद पाडण्यात फारसं हशील नाही. तपासणी दोन्ही टोकांना हलवली तर कामाला खीळ बसत नाही. निविदेचा मसुदा छापण्याआधी आठवडाभर संकेतस्थळावर हरकतींसाठी ठेवला, तर मक्तेदारच एकमेकांच्या सोयीच्या अटी दाखवून देतील. एम.बी.ची पानं बिल निघतानाच संकेतस्थळावर चढवली, तर कुठल्या गल्लीत काय लिहिलं ते त्या गल्लीला दिसेल. त्रयस्थ तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे देतात, ते ठीक. पण तपासणीचा नमुना मक्तेदाराच्या गाडीतून जाणार असेल आणि तपासणीची फी मक्तेदारच देणार असेल, तर ती तपासणी राहत नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. एरवी स्थायी समितीपुढे जाणारे निविदांचे विषय त्या काळात एकाच सहीने मंजूर होत. काहींना हे बरं वाटलं, कारण नगरसेवकांची मध्यस्थी गेली. पण स्थायीत निदान विरोधक एखादा कागद मोठ्याने वाचून दाखवतो. तो आवाजही त्याबरोबर गेला.

तक्रार नेमकी कुठे?

पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. सोलापूर युनिट पुणे परिक्षेत्रात येतं. तक्रार झाली की लगेच सापळा लावत नाहीत. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा. मक्तेदारांनी एक बदल नीट लक्षात घ्यावा. २०१८ पासून लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. 'आम्ही काय करणार, द्यावीच लागते' हे आठव्या दिवशी चालत नाही. मक्तेदारांच्या आपसातल्या संगनमताची तक्रार स्पर्धा आयोगाकडे, आणि प्रशासनाच्या गैरकारभाराची लोकआयुक्तांकडे.

बाकीच्यांसाठी माहिती अधिकार. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून भाषण लिहू नये. 'रस्ता निकृष्ट का झाला?' असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कायदा कागद देतो, कारणं देत नाही. कामाचं नाव आणि वर्क ऑर्डर क्रमांक लिहून एवढंच मागावं: मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक पाकिटाचं छाननी पत्रक, दरांचा तुलनात्मक तक्ता, एम.बी.ची संबंधित पानं, क्यूब आणि कोअरचे अहवाल, डांबराची चलनं, अंतिम बिल. प्रती पानाला २ रुपयांनी मिळतात. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला तर काम देऊन झाल्यावर ही सबब बहुधा टिकत नाही.

माहिती अधिकारात फार थोडे लोक वापरतात असं एक कलम आहे, २(ञ). त्याखाली कागद मिळतातच, शिवाय चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. तिथेही नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला बराच वेळ जातो, हे धरून चालावं.

तेवढा वेळ नसेल तर कामावरचा माहिती फलक शोधा. त्यावर मक्तेदाराचं नाव, रक्कम आणि दोष दायित्वाची मुदत असायला हवी. मुदतीत खड्डा पडला तर त्याच रस्त्याच्या दुरुस्तीची नवी निविदा काढायची गरज नसते, मक्तेदाराची अनामत त्यासाठीच अडकवून ठेवलेली असते. फोटो, तारीख आणि फलकाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. मुदत संपून अनामत परत गेली की मग खड्डा महापालिकेच्या खर्चाने बुजतो.